मोबाईलवर मराठीतून कोर्टाचे निकाल, 5 पैकी अडीच स्टार

नाव नाही टाकत, पण कोर्टाचे निकाल सोप्या मराठीत करून व्हॉट्सॲपवर पाठवतात अशी ही सेवा, वर्षाचे 600 रुपये, मी मागच्या वर्षी घेतली.

आधी चांगलं सांगते. भाषा एकदम घरातली, ते 'सबब' नि 'उपरोक्त' नाही कुठे. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले त्याचा तक्ता तर मी अजून जपून ठेवलाय, 302 ची 103 झाली, 420 ची 318 झाली, सगळं शेजारी शेजारी. चेक बाउन्सचं पण मस्त, चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, आणि तरी नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात केस. आमच्या ह्यांचे कापसाचे पैसे अडकले होते, ते पोस्ट वाचूनच नोटीस वेळेत गेली आणि पैसे आले.

आता अडीच स्टार का कापले ते. माझं माहेर चोपड्याकडचं, केळीचं बागायत, वडिलोपार्जित. लग्न 1990 चं, आबा 2001 ला गेले. दादा हक्कसोडपत्राचा कागद तयार करून बसलेला, म्हणे "आबा 2001 माच गयात, मंग तुना हिस्सा नही शे." मी ह्या सेवेची पोस्ट उघडली तर तिथे पण तेच, 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे मुलींना मुलांसारखा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात नसतील तर मुलगी कोपार्सनर, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनची वाटेकरी, नाही. झालं, म्हटलं करून टाकू सही, भावाशी कशाला वाकडं.

लेकीने अडवलं. तिने सुप्रीम कोर्टाच्या साइटवर शोधलं, फुकट मिळतात निकाल तिथे. पोस्टमधलं सगळं 2015 च्या फुलवतीच्या केसचं होतं, आणि 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्माच्या केसमध्ये तीन जजनी ते खोडून काढलंय, हक्क जन्माने येतो, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. आपल्या महाराष्ट्राने 1994 लाच मुलींना हक्क दिला होता पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून, म्हणजे मी त्यातही नव्हते, माझं काम ह्या 2020 च्या निकालानेच झालं. आणि खरं तर जुन्या कायद्यातही आबांच्या स्वतःच्या वाट्यात मला हिस्सा होताच की, पोस्टमध्ये त्याचं नावच नाही!

मग दादाचं नवीन, वाटणी तोंडी झाली होती म्हणे. 20 डिसेंबर 2004 च्या आधीची रजिस्टर झालेली किंवा कोर्टाच्या हुकुमाची वाटणी असेल तर ती मोडत नाही, पण नुसत्या तोंडी बोलण्यावर कोर्ट सहजासहजी विश्वास ठेवत नाही, सरकारी कागद लागतो. फेरफार, म्हणजे तलाठ्याकडची जमिनीच्या बदलांची नोंद, काढून बघितला तर वाटणीची नोंदच नाही, आबांच्या मागे फक्त वारस लागलेत, आणि त्यात माझं पण नाव!

सेवावाल्यांना मेसेज केला, "धन्यवाद ताई, दुरुस्त करतो" असं उत्तर आलं. तीन महिने झाले, पोस्ट जशीच्या तशी, वर तारीख पण नाही की निकाल कधीचा ते.

परवा रिन्यूअलची आठवण आली त्यांची. त्या पोस्टखाली 2020 ची एक ओळ टाका म्हटलं, लगेच 600 पाठवते.