लकव्यानंतरच्या हातासाठी हवेवर चालणारा ग्लोव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

ग्लोव्ह बोटं हलवतो, हात बरा करत नाही, एवढं आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पंपाने हवा भरली की बोटांच्या पाठीवरच्या घडीदार नळ्या लांबतात आणि मूठ मिटते. हवा ओढली की उघडते.

ऑटो मोड, म्हणजे पंप आपोआप मूठ मिटत-उघडत राहतो, सांधे मोकळे ठेवायला ठीक. पण रुग्ण टीव्ही बघतोय आणि पंप घुरघुरतोय, यातून मेंदू काही शिकत नाही, आणि ग्लोव्ह लवकरच कपाटात जातो. खरी मजा मिरर मोडमध्ये. चांगल्या हातात सेन्सरचा ग्लोव्ह. तो हात मिटला की दुसराही मिटतो. प्रत्येक वेळी रुग्णाने स्वतःही जोर लावायचा, नाहीतर हाही ऑटो मोडच. एखादं बोट आपलं आपण हलू लागलं की त्याची नळी चिमट्याने बंद करा. बाकीची चार पंपावर, हे एक स्वतःच्या बळावर: रुग्णाचा चेहरा तिथे बदलतो.

घालताना घाई नको. बोटांची टोकं धरून झटका दिला तर मूठ आणखी आवळते. आधी मनगट आतल्या बाजूला वाकवा, बोटं सैल पडतात. मग अंगठा मुळाशी धरून बाहेर काढा. वेल्क्रो शेवटी, हवेचा दाब सगळ्यात कमी. नखं कापलेली हवीत. काढल्यावर उठलेला लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टा घट्ट होतोय. संवेदना कमी असल्याने रुग्ण स्वतः सांगणार नाही.

बिघडतं काय? अंगठ्याची नळी बाजूला सरकते, कनेक्टर निसटून फुसफुस होते, नळ्या दुमडून ठेवल्या तर मुळाशी चिरतात. पावसाळ्यात कापड वाळत नाही, वास येतो. सुटा ग्लोव्ह वेगळा मिळतो का, हे विचारूनच घ्या.

प्रगती मोजायची ती ग्लोव्ह काढून: ६० सेकंदांत किती बाटल्यांची झाकणं एका डब्यातून दुसऱ्यात गेली. आठवड्यातून एकदाच, त्याच टेबलावर, त्याच वेळी. रोज मोजू नका. थकवा, थंडी, अपुरी झोप यांनी हात कडक होतो, आकडा घसरतो आणि माणूस खट्टू होतो.

जेवण, पाहुणे, नातवंडं, कशातच रस उरला नसेल तर त्याला आळस म्हणू नका. लकव्यानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं. त्याला औषध आहे, ग्लोव्ह नाही.

बोटं थोडी तरी हलत असतील तर पैसे वसूल. मूठ उघडतच नसेल तर आधी डॉक्टरांना स्प्लिंट (हात ताणून धरणारा आधार) आणि ताठर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनबद्दल विचारा. बोटं आणि मनगट आपसूक उघडत असतील, तर तेच पैसे फिजिओच्या फीला ठेवा.