व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो हे ज्याला माहीत नव्हतं

आधीच सांगतो, मी बावळट नाही. बावीस वर्षं जुने रेडिओ जमवतोय. मुंबईच्या चोरबाजारात भाव पाडून सेट उचललेत, पुण्याच्या जुन्या बाजारात नवं पॉलिश मारून 'ओरिजनल' म्हणून मांडलेली कॅबिनेटं लांबून ओळखलीत. आणि फसलो कुठे, तर स्वतःच्या घरात, समोरच्याला पाणी विचारून. ५८,००० रुपये बुडाले. वर वडिलांचा मर्फी रेडिओ गेला, जो विकायचाच नव्हता.

घर बदलायचं होतं, नव्या जागेत सत्तावीस रेडिओ मावणार नव्हते, म्हणून विकायला काढले. जाहिरातीत अख्ख्या कपाटाचा फोटो टाकला, शेजारच्या खिडकीसकट. (टाकू नका. एका वेळी एकच सेट, मागे साधी चादर.) दोन दिवसांत फोन. आवाज मऊ, "काका, पंधरा वर्षं हाच नाद आहे मला." पहिल्या खेपेला त्याने ३,२०० चा छोटा ट्रान्झिस्टर घेतला, पैसे जागच्या जागी खात्यात जमा. घासाघीससुद्धा नाही. जुन्या रेडिओचा माणूस आणि घासाघीस नाही! तिथेच खटकायला हवं होतं, पण खरा पश्चात्ताप पुढचा आहे.

पंधरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळी तो टेम्पो आणि एक पोरगा घेऊन आला. मी हौसेने मर्फीचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून ठेवलं होतं, आतले व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या, आणि त्यांची मांडणी दाखवावी म्हणून. त्याने तिकडे पाहिलंही नाही. बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकचा, फिलिप्स उचलला आणि पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायला निघाला. आठ महिने बंद पडून असलेला सेट थेट २३० व्होल्टवर! मीच हात धरला, सिरीजचा बल्ब बाहेर काढून मध्ये लावला, म्हणजे वीज आधी बल्बातून जाते आणि आत बिघाड असला तरी सेट जळत नाही. बल्ब भक्कन पेटून मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही, मग सेट थेट लावला. साहेबांनी बटण फिरवलं, दोन सेकंद थांबले, परत फिरवलं आणि म्हणाले, "काका, हा बंद आहे वाटतं."

पंधरा वर्षांचा नाद, आणि व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो हे ठाऊक नाही!

रोज रात्री मी त्या वाक्यापाशी येऊन अडतो. कारण तेव्हा मला संशय आला नाही, आनंद झाला. शिकवायला कुणी तरी मिळालं ना. "थांबा हो, तापू दे जरा," म्हणून माझी मास्तरकी सुरू. मॅजिक आयचा, म्हणजे स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणाऱ्या दिव्याचा, हिरवा उजेड हळूहळू फुटला, आतून खरखर आली, तो "वा!" म्हणाला आणि मी विरघळलो. व्हॉल्व्ह किती, ट्रान्सफॉर्मर मूळचा आहे का, काही विचारलं नाही. विचारलं काय, तर "यातला सगळ्यात महाग कोणता?" आणि "दिवसा घरी कोण असतं?" मी दोन्हींची उत्तरं दिली.

तीन सेटचे ६८,००० ठरले. १०,००० रोख इसार दिला. उरलेल्या ५८,००० चा 'पैसे गेले' अशा हिरव्या बरोबरच्या खुणेचा स्क्रीन माझ्यासमोर धरला, माझ्या फोनवर मेसेजही वाजला. "शनिवार आहे काका, बॅलन्समध्ये सोमवारी दिसेल." एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस चालतं, मी स्वतः रात्री पैसे पाठवतो. पण त्या वेळी मान हलवली. मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता, बँक असा पाठवत नाही. माझा चष्मा आतल्या खोलीत होता. हसा खुशाल. पैसे बघायचे ते आपल्या ॲपमधल्या शिलकेत, त्याच्या फोनवर नाही आणि मेसेजमध्येही नाही.

मग मीच आत गेलो, सेटना ओरखडे पडू नयेत म्हणून जुन्या गोधड्या शोधायला. तेवढ्या तीन-चार मिनिटांत मर्फी टेम्पोत गेला. गोधड्या मी स्वतःच्या हाताने दिल्या. रात्री नऊला लक्षात आलं, टेबलावर नुसतं झाकण पडलंय. टेम्पोचा नंबरही टिपला नव्हता. तुम्ही टिपा, त्याच्यासमोर टिपा.

पुढची कथा सरकारी. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन म्हणते, "तुमच्या खात्यातून किती गेले?" गेले नाहीत हो, आलेच नाहीत. "मग ठाण्यात जा." बँक म्हणते, व्यवहारच नाही तर तपासायचं काय. ठाण्यात पहिल्या खेपेला "हा दिवाणी मामला आहे, काका", दुसऱ्या खेपेला "साहेब बंदोबस्ताला", तिसऱ्या खेपेला "बिल आणा". १९६१ साली घेतलेल्या रेडिओचं बिल! मी लायसन्सचं पुस्तक नेलं. तेव्हा रेडिओ ठेवायला परवाना लागे, पोस्टात दरवर्षी पैसे भरावे लागत. वडिलांच्या नावापुढे कंपनी आणि सेटचा नंबर शाईने लिहिलेला. ते चाळून म्हणाले, "हे तर पोस्टाचं आहे." दर वेळी नवा माणूस, दर वेळी गोष्ट 'मी रेडिओ जमवतो'पासून सुरू, दर वेळी तेच हसू. चौथ्या खेपेला अर्ज घेतला आणि त्यांच्या अक्षरात लिहिलं: जुना रेडिओ, नादुरुस्त, अंदाजे किंमत ५००. नादुरुस्त? आदल्या दिवशी मी त्यावर बातम्या ऐकल्या होत्या! एफआयआर नाहीच, शिक्का मारलेली प्रत तेवढी हातात. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागणारं पत्र येईपर्यंत त्यावर नवं चढलं होतं. ते पहिल्याच रात्री पेनड्राइव्हवर घ्या, पत्राची वाट पाहू नका.

चारसोबीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, आणि ठाण्याने नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येतं. हे मला वकील मित्राने सांगितलं, महिना उलटल्यावर.

आज प्रत्येक सेटच्या चासीवरच्या, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावरच्या, नंबरचा फोटो काढा, कॅबिनेटच्या आत न दिसेल अशी खूण करा. टेम्पोवाल्या पोराला घरात घेऊ नका.

कुणाकडे मागचं झाकण नसलेला मर्फी विकायला आला, तर उजवं बटण बघा. मूळचं तुटलं तेव्हा वडिलांनी दोऱ्याच्या लाकडी रिळाचं कातून बसवलं होतं, तपकिरी रंग देऊन. कडेला रंग उडालाय, आतलं पांढरं लाकूड दिसतं. झाकण माझ्याकडे आहे.