बेरिॲट्रिक सर्जरीसाठी आधार शोधायला गेले आणि ४५ हजार गमावून बसले

नाशिकरोडहून सीबीएसला जाणाऱ्या शेअर रिक्षात मला कितीतरी वेळा दोघांचे पैसे द्यावे लागले आहेत. रिक्षावाला वाईट बोलत नाही. "ताई, बसा, पण दोन सीटचे होतील," एवढंच म्हणतो आणि बाकीचे प्रवासी बाहेर बघायला लागतात. माझं वजन ११८ किलो, उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४६. मधुमेहाला नऊ वर्षं झाली. झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे रात्री मशीन लावून झोपते. हे आधी सांगते, कारण झटपट बारीक व्हायच्या हौसेपायी मी फसले असं कुणाला वाटू नये. बेरिॲट्रिक सर्जरीचा, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात त्या ऑपरेशनचा, विचार करा, असं माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनीच सुचवलं होतं. मला फक्त ती करून घेतलेल्या माणसांशी बोलायचं होतं.

घरी हा विषय काढायची सोय नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "भात बंद कर, संध्याकाळी चालायला जा. पोट कापून घ्यायचं हे काय खूळ?" नवरा म्हणाला, तुझं तू ठरव. ऐकायला बरं वाटतं हे, पण एकटीने ठरवायचं म्हणजे काय ते रात्री दोन वाजता कळतं. अशात ओळखीच्या एका बाईंनी मला व्हॉट्सॲपवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. दीडशेच्या वर माणसं, आधीचे-नंतरचे फोटो, आणि ग्रुप सांभाळणाऱ्या बाईंना सगळे 'ताई' म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी आपली स्लीव्ह (जठर कापून लहान करायची सर्जरी) झाली, ३८ किलो उतरले, असं त्या सांगत.

ताईंनी पहिल्याच दिवशी फोन केला. पाऊण तास बोलल्या. पैशाचं नाव नाही, हॉस्पिटलचं नाव नाही. "जेवलीस का गं?" असं विचारलं. मग म्हणाल्या, "हा आजार आहे, तुझी चूक नाही." वीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि रडले. ते वाक्य खरं आहे, चांगले डॉक्टरही हेच सांगतात. पण त्या वाक्यानंतर मी ताईंना एकही अवघड प्रश्न विचारला नाही. मी फसले ती तिथे, पैसे पाठवले त्या दिवशी नव्हे.

दोन गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या.

एकदा ग्रुपमध्ये एका बाईने लिहिलं, की सर्जरीला पाच आठवडे झाले, आठ दिवसांपासून उलट्या थांबत नाहीत, पाणीसुद्धा टिकत नाही. दहा मिनिटांत तिचा मेसेज गायब झाला. थोड्या वेळाने तीही ग्रुपमध्ये दिसेना. ताईंनी लिहिलं, "त्यांनी डाएट पाळलं नाही, आता बऱ्या आहेत. इथे फक्त पॉझिटिव्ह बोलायचं." आम्ही सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. मीही टाकला. पुढे मला एका आहारतज्ज्ञांकडून कळलं, की या सर्जरीनंतर उलट्या थांबत नसतील तर एक दिवसही अंगावर काढायचा नसतो. शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूवर आणि नसांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. त्या बाईचं काय झालं, मला आजही माहीत नाही. माझ्याकडे तिचा नंबरही नाही.

दुसरी गोष्ट. ताई मला कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलात भेटल्या. मसाला डोसा मागवला, पूर्ण खाल्ला, मधे मधे पाणी प्यायल्या आणि वर मोठा ग्लास लस्सी घेतली. मी समोर बसून ते सगळं पाहिलं. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि तो परत जोडता येत नाही. आठ महिन्यांच्या पेशंटला तसं जेवण झेपणं कठीण, आणि घासाबरोबर पाणी प्यायचं नाही, अर्धा तास थांबायचं, हे तर पहिल्या दिवसापासून शिकवतात. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून समोर दिसूनही कळलं नाही. त्यांची सर्जरी झालीच नव्हती असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण कागद एकही दाखवला नाही हे नक्की.

त्या भेटीतच पैशाचा विषय निघाला. "इन्शुरन्सच्या भानगडीत पडू नकोस, लठ्ठपणाचं ऑपरेशन कुठलीच कंपनी देत नाही. माझ्या शब्दावर पॅकेजमध्ये सवलत मिळेल, पण ४५ हजार भरून स्लॉट धरावा लागेल, रविवारपर्यंत." मी शनिवारी रात्री यूपीआयने पैसे पाठवले. खातं हॉस्पिटलचं नव्हतं, कुणा माणसाच्या नावाचं होतं. नाव वाचलं, तरी बटण दाबलं.

इन्शुरन्सचं ते बोलणं साफ खोटं होतं. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात न येणारा मधुमेह अशांपैकी काही असेल, वय १८ पूर्ण असेल, साधे उपाय करून झाले असतील आणि डॉक्टरांनी सल्ला दिला असेल, तर आरोग्य विम्यात ही सर्जरी बसू शकते. विमा नियामकाने वगळलेल्या आजारांचे नियम २०१९ मध्ये एकसारखे केले, त्यातच हे आहे. प्रतीक्षा कालावधी पॉलिसीनुसार वेगळा असतो, तो आपल्या कागदात बघायचा. माझी पॉलिसी कपाटात पडून होती. मी ती उघडली पैसे गेल्यानंतर.

तारीख पुढे पुढे जाऊ लागली. डॉक्टर परदेशी गेलेत, मशीन बिघडलंय, तुमची शुगर जास्त आहे. शुगर जास्त आहे हे त्यांना कसं कळलं? माझी एकही तपासणी झाली नव्हती. एंडोस्कोपी नाही, सोनोग्राफी नाही, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं नाही. खऱ्या ठिकाणी हे सगळं आधी होतं. एकोणिसाव्या दिवशी मी सरळ ताई म्हणाल्या होत्या त्या हॉस्पिटलात जाऊन काउंटरवर विचारलं. तिथल्या मुलीने दोनदा यादी पाहिली. "मॅडम, तुमच्या नावाने काहीच नाही. आम्ही बाहेर कुणाला पैसे घ्यायला सांगितलेलं नाही." त्या बाई पूर्वी दोन-चार पेशंट घेऊन आल्या होत्या, एवढं तिने हळूच सांगितलं. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन देणं-घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत मना आहे. तरी 'कट' हा शब्द आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या हवालदारांनी चांगलं ऐकून घेतलं, पण म्हणाले, "ताई, लगेच फोन केला असता तर पैसे खात्यातच गोठवता आले असते." मी एकोणीस दिवस लाजत बसले होते. घरी सांगायचं कसं, हाच विचार. अजून एक रुपया परत आलेला नाही. ग्रुपमधून मला त्याच संध्याकाळी काढलं.

आता मी दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या शनिवारच्या बैठकीला जाते. फी नाही, फोटो नाहीत. सर्जनचा नोंदणी क्रमांक मी आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत पाहिला. सर्जरी करायची की नाही हे अजून ठरलेलं नाही आणि तिथे कुणी घाईही करत नाही. पहिल्या दिवशी सिन्नरचे एक काका उभे राहिले. चार वर्षांपूर्वी जठराची बायपास झालेली, हृदयाची नव्हे. म्हणाले, "नऊ किलो परत चढलेत माझे. बी-१२ ची इंजेक्शनं मधे बंद केली तर पायाला मुंग्या यायला लागल्या. मीच चुकलो." कुणी त्यांना गप्प केलं नाही. डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "काका, इंजेक्शन बंद का केलंत?" मग अर्धा तास त्यावरच बोलणं चाललं.