डिसेंबरचं लग्न की मेमधलं? कलर थीम ठरवायच्या आधी हे बघा

तुळशीचं लग्न उरकलं की मुहूर्त निघायला लागतात, आणि घरात वाद सुरू होतो तो थंडीत उरकायचं की शाळांना सुट्ट्या लागल्यावर मेमध्ये, म्हणून त्या दोघांचीच तुलना करतेय. माघ-फाल्गुनवाल्यांना दोन्हीकडचं थोडंथोडं चालतं, फक्त १४ फेब्रुवारीच्या आसपास लाल गुलाबाची थीम धरू नका, भाव ऐकून बाबा खुर्चीत बसतील.

पहिली गोष्ट, नवरीची अष्टपुत्री पिवळी, हातात हिरवा चुडा, शालू बहुतेक घरात हिरवा नाहीतर लाल, म्हणजे निम्मी थीम आधीच ठरलेली असते. तुमच्या हातात उरतात फुलं, स्टेजमागचं कापड, फेटे आणि घरच्यांचे कपडे, आणि सीझन बघायचा तो इथेच.

फुलांच्या बाबतीत डिसेंबर सरळ जिंकतो. शेवंती भरपूर, झेंडू चांगला, गुलाब टपोरा, आणि सकाळी लावलेलं डेकोरेशन रात्रीपर्यंत तरतरीत राहतं, त्यामुळे वाइन, राणी, मस्टर्ड, बॉटल ग्रीन असे गडद रंग बिनधास्त घ्या. मेमध्ये हुकमी एक्का म्हणजे मोगरा, पांढरा आणि पोपटी असं काँबिनेशन घेतलं तर डोळ्यांनाच गार वाटतं. पण मोगऱ्याचा स्वभाव माहीत पाहिजे, कळी संध्याकाळी उमलते आणि उकाड्यात लवकर तांबूस पडते, म्हणून दुपारचा मुहूर्त असेल तर मिटलेल्या कळ्यांचेच गजरे आणि माळा सांगा, रिसेप्शनसाठी वेगळे मागवा.

कपड्यांत मात्र लोक मेमध्ये हमखास फसतात, उन्हाळा म्हणजे फिके रंग एवढंच डोक्यात असतं. पिस्ता, फिकट ग्रे, पावडर ब्लू सिल्कचा कुर्ता घातलेला नवऱ्याचा भाऊ बघा एकदा, अक्षता पडेपर्यंत बगलेत आणि पाठीवर गडद नकाशे उमटलेले असतात आणि अल्बममध्ये कायमचे राहतात. त्यापेक्षा पांढरा, क्रीम किंवा बारीक प्रिंटचा कॉटन घ्या, बायकांना चंदेरी-महेश्वरी, जड कांजीवरम थंडीसाठीच ठेवा.

मग उजेड. पुण्याकडे डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मेमध्ये सातच्या आसपास, म्हणजे थंडीत गोरज मुहूर्त धरला तर जवळजवळ सगळे फोटो लाइटमध्येच निघणार. पिवळ्या लाइटखाली जांभळा मळकट दिसतो आणि नेव्ही ब्लू तर उघड्या लॉनवर अंधारात गायबच होतो, लाल, राणी, सोनेरी तेवढे उठून दिसतात. मेमधल्या साडेबाराच्या उन्हात उलटं, भडक राणी फेट्याचा गुलाबी रंग तोंडावर पडतो, तिथे आंबा पिवळा किंवा केशरी बरा. आणि मेमध्ये लॉन असेल तर वळवाचा पाऊस गृहीत धराच, खणाचं डेकोरेशन हौसेने करतात पण कच्च्या रंगाचा खण भिजला तर शेजारचं पांढरं कापडपण गुलाबी होतं.

माझं मत विचाराल तर रंगांची हौस असेल तर डिसेंबर घ्या. मे ठरलाच असेल तर एसी हॉल आणि दोनच रंग, पांढरा आणि एक कुठला तरी, बास. फक्त बुकिंगच्या आधी हॉलच्या खुर्च्यांची कव्हरं आणि कार्पेट बघून या, बऱ्याच ठिकाणी मरून असतं आणि त्यापुढे तुमचा पोपटी काय दिसणार ते तिथेच कळेल.