रोलच्या वर कॉटन, आत पॉलिस्टर

बाळांच्या कपड्यांचा घरगुती ब्रँड काढून फोनवरून होजिअरीचं कापड मागवणाऱ्या प्रत्येकीने हे वाचावं, म्हणून लिहिते आहे.

मी आणि माझी जाऊ सांगलीत झबली, टोपडी, लंगोट शिवतो. जाहिरातीला वेगळे पैसे नव्हतेच. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस, हळदीकुंकवाच्या दिवसांतले स्टॉल आणि एका बारशातून दुसऱ्या बारशात पोचणारं नाव, यावरच धंदा चालतो. कपडा १०० टक्के सुती असणार, या भरवशावर बायका आमच्याकडे येतात. ठगाने नेमका त्यालाच हात घातला.

तमिळनाडूतल्या तिरुपूरचा कारखानदार म्हणवणाऱ्या एकाशी इन्स्टाग्रामवर ओळख झाली. त्याने इंटरलॉक, म्हणजे दुहेरी विणीच्या होजिअरी कापडाचा नमुना पाठवला. नमुना उत्तम होता. धागा जाळला तर कागद जळल्यासारखा वास आला आणि चिमटीत मऊ राख उरली. दरही संशय यावा इतका कमी नव्हता. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले ट्रान्सपोर्टची पावती दाखवल्यावर, असं ठरलं. ही अट या धंद्यात सर्रास चालते आणि ठगाला तीच सोयीची पडते, कारण रोल उघडण्याआधी सगळे पैसे त्याच्या हातात गेलेले असतात.

माल आल्यावर आम्ही प्रत्येक रोलचा वरचा तुकडा जाळून पाहिला. सगळे सुतीच निघाले. खोट आत होती. वरचे काही मीटर खरं कॉटन, मग शिलाईचा जोड आणि पुढे त्याच रंगाचं पॉलिस्टर मिसळलेलं कापड. होजिअरीच्या रोलमध्ये जोड असतातच, त्यामुळे कटिंग करताना कुणालाच वेगळं वाटलं नाही. शिवाय हे कापड किलोवर मिळतं आणि आतली पुठ्ठ्याची नळी चांगली जड होती. तिचेही पैसे कापडाच्या भावाने घेतले होते.

एका आईचा फोन आला. दोनच धुण्यांत झबल्यावर गोळे आले होते आणि बाळ घामेजून रडत होतं. त्याच झबल्याचा धागा जाळला, तर टोकाला टणक मणी झाला. त्या लॉटचे कपडे गेलेल्या प्रत्येक घरी आम्ही फोन करून पैसे परत केले. पैशांपेक्षा ते फोन करणं फार जड गेलं.

बिल मालासोबतच आलं होतं. त्यावर पत्ता तिरुपूरचा, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात २४ ने. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचा कोड असतात. २४ म्हणजे गुजरात, तमिळनाडूचा कोड ३३ आहे. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक भलत्याच धंद्याच्या नावाने निघाला आणि नोंदणी रद्द झालेली. हा क्रमांक आगाऊ रक्कम देण्याआधीच मागून घ्या, पोर्टलवर फुकट तपासता येतो. पैसे मागणारं खातं त्याच नावाचं आहे का, तेही बघा. आणि रोल आला की वरून न तपासता पूर्ण उलगडा, प्रत्येक जोडाच्या पुढचा धागा जाळा, नळी वेगळी काढून वजन करा. उरलेली रक्कम त्यानंतरच द्यायची, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

पोलीस ठाण्यात आधी ‘हा व्यवहारातला वाद आहे’ असं ऐकावं लागलं. खोट्या क्रमांकाचं बिल पुढे ठेवल्यावर तक्रार घेतली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, समोरच्या खात्यात रक्कम असेल तोवरच ती गोठवता येते. आमची तोवर निघून गेली होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारासाठी घेतलेला माल वगळतो, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला त्यात अपवाद आहे. ‘तुम्ही ग्राहक नाही’ असं सांगून कुणी परत पाठवलं, तर हा अपवाद दाखवा.

आणखी एक. आम्ही तक्रार करणार हे कळताच तो ठग गोड बोलू लागला, ‘सगळे रोल परत पाठवा ताई, बदलून देतो.’ आम्ही एकही रोल पाठवला नाही. जोडासकट ते कापड हाच आमच्याकडचा पुरावा आहे.