‘मंडळमान्य’ ऑइल ट्रॅपच्या नावाखाली गेलेले 48,500 रुपये

चिपळूणजवळच्या औद्योगिक वसाहतीत माझे वर्कशॉप असून ट्रकची आणि मासेमारी बोटींची इंजिने खोलण्याचे, धुण्याचे काम आम्ही पुढच्या अंगणातच करतो. पाऊस लागला की तिथले ऑइल पावसाळी गटारातून, कोणत्याही शुद्धीकरणाविना, थेट पऱ्याला (ओढ्याला) आणि पुढे वाशिष्ठी नदीला जायचे. ते मला थांबवायचे होते. मे महिन्यात दारात आलेल्या माणसाने नेमके हेच हेरले. नोटीस येईल, वीज-पाणी तोडतील, अशी भीती घालून त्याने ‘मंडळमान्य’, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्य केलेल्या, ऑइल ट्रॅपचे (पाण्यातले तेल अडवणाऱ्या टाकीचे) 48,500 रुपये ठरवले: 20,000 आगाऊ यूपीआयने, 22,000 काम झाल्यावर रोख आणि 6,500 मंडळाच्या शिक्क्याच्या प्रमाणपत्राचे. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर भिंतीवर राहिलेला ऑइलचा काळा पट्टा मी स्वतः खरवडला आहे, म्हणून त्याचे बोलणे पटले. मी लोभापायी फसलो नाही.

पाइप बसवले त्याच दिवशी मला कळायला हवे होते. टाकीच्या काठावर बसलेला आमचा म्हातारा गवंडी म्हणाला, “दादा, पाणी येतंय वरून आणि जातंय पण वरूनच, मग तेल थांबणार कुठे?” तेल पाण्यावर तरंगते, म्हणून टाकीत मध्ये आडभिंत हवी आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाचा एल्बो (वाकडा जोड) खाली वळून पाण्यात बुडालेला हवा, म्हणजे तळाचे पाणी निघून जाते आणि तेल वर अडकते. इंजिनांत आयुष्य काढलेल्या माणसाला एवढे समजू नये? “नवीन डिझाइन आहे,” असे तो टाकी बसवणारा म्हणाला आणि मी गवंड्यालाच गप्प केले. ते अजून सलते. पैसे देण्याआधी भरलेल्या टाकीत मूठभर लाकडाचा भुसा टाका. तो बाहेर पडला, तर तेलही पडणार.

मृगाच्या पहिल्याच सरीत टाकी भरली आणि सप्तरंगी तवंग जसाच्या तसा गटारात गेला. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. जाताना त्याने जळक्या ऑइलची दोन बॅरलही ‘फुकट’ उचलून नेली होती. वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा ठरते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच, मॅनिफेस्ट (कचरा कोणी कोणाला दिला याचे नोंदपत्र) करून द्यावे लागते. असे कोणाच्याही टेम्पोत चढवू नका.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. “हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा,” एवढेच उत्तर मिळाले. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठीच असताना अर्जाची साधी पोच तिसऱ्या फेरीला हातात पडली. प्रदूषणाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात साहेब दोनदा दौऱ्यावर होते आणि भेटले तेव्हा, “उघड्यावर इंजिने धुताच कशाला?” असे मलाच विचारले. प्रश्न रास्त आहे, मी तो नाकारत नाही. परंतु ज्याने सरकारी शिक्का बनावट केला त्याच्याविषयी एकही प्रश्न नाही, आणि शिक्का खोटा आहे एवढे लेखी द्यायलाही कोणी तयार नाही! मंडळाचे संमतिपत्र उद्योगाला मिळते, दारावर आलेल्या माणसाच्या टाकीला नव्हे, हे कोणी तरी फलकावर लिहायला काय हरकत होती?

आता धुण्याच्या जागेवर पत्र्याची शेड घातली आहे, सांडलेल्या ऑइलवर पाणी न मारता भुसा टाकून ते झाडून घेतो आणि त्या टाकीचे तोंड सिमेंटने बंद केले आहे. माझ्या अर्जाला उत्तर नाही. मागच्या आठवड्यात एका ट्रकचालकाने सांगितले की तोच माणूस खेडच्या बाजूला माझ्या टाकीचे फोटो दाखवत फिरतो आहे.