प्लाझ्मा ६ वर पपायरस आणि विजेटं: आठ महिने वापरल्यावर

लिनक्सवरच्या केडीईच्या प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपवर आयकॉन थीम बदलून पपायरस लावली, फोल्डरांचे रंग बदलले, पॅनेल वर नेलं. घड्याळाशेजारच्या ट्रेमधला चॅट अ‍ॅपचा आयकॉन मात्र ढिम्म हलत नाही. आहे फक्त २२ पिक्सेलचा चौकोन, पण दिवसभर डोळ्यांत खुपतो. म्हणून आधी त्याचंच.

ट्रेमधलं अ‍ॅप प्लाझ्माला दोनपैकी एक गोष्ट पाठवतं: आयकॉनचं नाव, नाहीतर थेट चित्राचे पिक्सेल. नाव पाठवलं तर प्लाझ्मा ते तुमच्या थीममध्ये शोधून तिथलं चित्र लावतो. पिक्सेलच पाठवले तर थीमला कोणी विचारतच नाही; मग पपायरस लावा, टेला ही दुसरी थीम लावा, प्लाझ्मासोबत येणाऱ्या ब्रीझवर परत या, फरक शून्य. कॅशे (साठवून ठेवलेली तात्पुरती माहिती) पुसण्यात तास घालवू नका. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये एकरंगी ट्रे आयकॉनचा पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर ट्रेच्या बाणावर राइट क्लिक करून 'कॉन्फिगर सिस्टम ट्रे' उघडा, 'एंट्रीज'मध्ये त्या अ‍ॅपला 'ऑलवेज हिडन' करा. बाणाखाली तो तसाच राहतो, निदान समोर तरी नसतो.

मेनू आणि टास्कबारवरचे आयकॉन मात्र सरळ होतात. 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मधल्या 'अ‍ॅप्लिकेशन्स' फोल्डरात त्या अ‍ॅपची डॉट डेस्कटॉप फाइल (नाव, आयकॉन आणि सुरू करायची ओळ यांची छोटी नोंद) असते. ती होममधल्या 'डॉट लोकल', 'शेअर', 'अ‍ॅप्लिकेशन्स' इथं कॉपी करा आणि 'आयकॉन' या ओळीत थीममधल्या चित्राचं नाव एक्स्टेन्शनशिवाय लिहा. स्नॅप (उबुंटूचा पॅकेज-प्रकार) पॅकेजच्या फाइली 'स्नॅपडी'च्या वेगळ्या फोल्डरात असतात आणि या ओळीत बऱ्याचदा चित्राचा अख्खा पाथ असतो. थीम बदलूनही ते अ‍ॅप जुन्याच कपड्यांत दिसतं ते म्हणून. पाथ काढून नाव घाला, काम झालं.

कॉपी करताना फाइलचं नाव बदलू नका. बदललंत तर मेनूत एकच अ‍ॅप दोनदा दिसेल. शिवाय वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) खिडकीचा आयकॉन साधारणपणे अ‍ॅपच्या आयडीशी जुळणाऱ्या डेस्कटॉप फाइलवरून ठरतो. जुळणारी फाइल सापडली नाही की वेलँडचा पिवळा 'डब्ल्यू' येऊन बसतो. या कॉपीचा एक तोटाही आहे. पुढे पॅकेजच्या मूळ फाइलमध्ये अ‍ॅप सुरू करायची ओळ बदलली, तरी तुमची जुनी कॉपीच चालते. अपडेटनंतर अ‍ॅप उघडेनासं झालं तर आधी तिथं बघा.

पपायरसबद्दल तक्रार नाही. फक्त झिप उघडून 'पपायरस डार्क' एकटंच उचलू नका. त्यातले बरेच आयकॉन म्हणजे मूळ पपायरस फोल्डरात जाणाऱ्या सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या फाइली) आहेत, ते फोल्डर शेजारी नसेल तर निम्मा मेनू बिनचेहऱ्याचा होतो. बदल दिसत नसेल तर होममधल्या 'डॉट कॅशे' फोल्डरातली 'आयकॉन-कॅशे' नावाची फाइल उडवा आणि लॉगआउट करून परत या.

आता विजेटं, म्हणजे पॅनेलवर किंवा डेस्कटॉपवर लावायचे छोटे प्रोग्राम. पहिले तीन महिने माझं मत होतं की विजेट म्हणजे नसती उठाठेव. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ आला तेव्हा ५ साठीची विजेटं चालेनाशी झाली. ६ साठी विजेटाचा मेटाडेटा (त्याची माहिती) जेसन फाइलमध्ये हवा, त्यात किमान आवृत्ती ६.० लिहिलेली हवी, आणि क्यूएमएलचा (विजेट लिहायची भाषा) मूळ घटक 'प्लाझ्मॉइड आयटम' हवा. नुसती आवृत्तीची ओळ वाढवून जुनं विजेट जिवंत करायचा जुगाड सहसा चालत नाही. दुसरं म्हणजे विजेटं प्लाझ्माशेलच्याच (पॅनेल आणि डेस्कटॉप चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसमध्ये चालतात. एखादं मेमरी गिळू लागलं तर यादीत नाव प्लाझ्माशेलचं दिसतं, शिव्या पॅनेलला पडतात. ८ जीबीच्या मशीनवर हे परवडत नाही. डाउनलोड केलेली विजेटं एकेक करून काढा आणि दर वेळी लॉगआउट करून आकडा बघा; दुसरा सोपा मार्ग नाही.

हे मत आता निम्मं मागे घेतो. सोबत येणारी विजेटं, विशेषतः सिस्टम मॉनिटरचे सेन्सर, नीट चालतात आणि त्यांच्यावर भागतं. वैताग मांडणीचा आहे. सगळी मांडणी 'डॉट कॉन्फिग'मधल्या, नावाच्या शेवटी 'अ‍ॅपलेट्स आरसी' असलेल्या एकाच फाइलमध्ये असते, आणि डेस्कटॉपवरच्या विजेटांच्या जागा तिथं रिझोल्यूशननुसार लिहिल्या जातात. प्रोजेक्टर जोडून रिझोल्यूशन बदललं की विजेटं इकडची तिकडे. मांडणी मनासारखी झाली की या फाइलची कॉपी ठेवा. परत टाकताना आधी प्लाझ्माशेल बंद करा, कारण तो बंद होताना स्वतःकडची मांडणी फाइलवर लिहून टाकतो आणि तुमची मेहनत पाण्यात.

फुकट मिळतं म्हणून दिसेल ते उतरवू नका. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या स्टोअरवरच्या एका ग्लोबल थीमने (रंग, आयकॉन, मांडणी एकदम बदलणारा संच) एका वापरकर्त्याचा डेटा पुसला होता. आयकॉन पॅक म्हणजे मुख्यतः चित्रं, विजेट आणि ग्लोबल थीममध्ये मात्र कोड असतो आणि तो तुमच्याच अधिकारांनी चालतो. आयकॉन बिनधास्त घ्या, विजेट बघून घ्या, ग्लोबल थीम नकोच. लावायचीच असेल तर आधी होमचा बॅकअप, आणि 'डेस्कटॉप अँड विंडो लेआउट'ची खूण काढलेली आहे ना ते बघा, नाहीतर घडवलेलं पॅनेल गेलं.

ट्रेबद्दल एक राहिलं. 'पॅनेल आयकॉन साइझ' 'स्मॉल'वरच ठेवा. 'स्केल विथ पॅनेल हाइट' केलं की पिक्सेल पाठवणारे आयकॉन ताणले जाऊन धुरकट होतात, आणि मग ते आणखीच डोळ्यांत खुपतात.